बाबांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज, डॉक्टर स्टिरॉइडचं इम्प्लांट म्हणतायत – अनुभव हवेत (ठाणे)

चेंदणीची_लेक | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं. मोतीबिंदूवर ढीगभर धागे आहेत, यावर एकही नाही, म्हणून नवा काढतेय.

बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह जुना. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. गेल्या वर्षीपासून उजव्या डोळ्याच्या पडद्याला बरोब्बर मधोमध सूज आहे, कार्डावर डायबेटिक मॅक्युलर एडिमा लिहिलंय. गंमत म्हणजे 'दिसत नाही' अशी त्यांची तक्रार नव्हतीच. बाल्कनीच्या ग्रिलचे दोन गज वाकलेत, वेल्डरला बोलाव, असं माझ्यामागे टुमणं होतं. मी जाऊन हात लावून पाहिलं, गज सरळ. मग एकेक डोळा झाकून बघायला लावलं. डाव्याने सरळ, उजव्याने वाकडे!

इंजेक्शनं सुरूच आहेत. आधी अवास्टिन, मग रॅनिबिझुमॅब. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, मधली जाडी ५१० मायक्रॉन होती, ती ४३० पर्यंत उतरली आणि तिथेच ठाण मांडून बसलीये. आता रेटिनावाले डॉक्टर म्हणतायत की ओझुर्डेक्स टाकू. स्टिरॉइडची बारीक काडी डोळ्यात सोडायची, ती काही महिने आतल्या आत औषध सोडत राहते म्हणे. 'स्टिरॉइड' ऐकून घरात नुसता कल्ला. आत्याचं ठाम मत की शुगर चारशेच्या पुढे जाणार. बाबांना वेगळीच काळजी: ती काडी नंतर काढायला परत डोळा उघडणार का?

कोणी घेतलंय का? दुखतं का, किती टिकतं, मेडिक्लेम देतो का? ठाणे-नवी मुंबईतल्यांनी आवर्जून लिहा.

घोडबंदरग्रस्त | सोमवार, रात्री ११.०५

डोळ्यात काडी घालणे हा आजवर आमच्याकडे फक्त वाक्प्रचार होता. विनोद माफ, बाबांना शुभेच्छा. माझ्या सासऱ्यांनाही इम्प्लांट बसवलंय मानपाड्याला, छान दिसतं आता. पण ते मोतीबिंदूचं होतं बहुतेक. तेच का हे?

चेंदणीची_लेक | सोमवार, रात्री ११.१२

नाही हो, ती लेन्स. ती कायमची बसते. हे औषध आहे.

सानपाडा_लोकल | मंगळवार, सकाळी ७.५०

आईचा अनुभव लिहिते. तिला मधुमेह नाही, बीपी आहे. पडद्याची एक शीर चोंदली, मागे तुंबलेलं रक्त आणि पाणी पडद्यात झिरपलं आणि सूज आली. सकाळी उठली तर डाव्या डोळ्यासमोर धुरकट ढग. तिलाही आधी साधी इंजेक्शनं दिली, नंतर हे इम्प्लांट.

प्रत्यक्ष काम फार पटकन होतं. वेळ जातो तो तयारीत: फॉर्म, बीपी, बाहुली मोठी करायचे थेंब, भुलीचे थेंब. मग ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, बीटाडीनने डोळा धुतात, पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. सुई बुबुळात नाही टोचत. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून जाते. आई म्हणाली, दाब जाणवला आणि 'टक्' असा आवाज आला. साध्या इंजेक्शनपेक्षा सुई जाड असते म्हणून थोडं जास्त जाणवतं, एवढंच. घरी येईपर्यंत पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडलेला. बघणाऱ्यालाच घाबरायला होतं, तिला काही नाही. पंधरा दिवसांत गेला.

एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती ती सांगते. मान हलवली की एक काळी रेघ डोळ्यासमोर तरंगत जायची. ती म्हणजे तीच काडी! विरघळेल तशी आखूड होत गेली. बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते रात्री अडीचला उठवतील.

सूज दीड-दोन महिन्यांत छान उतरली. चार महिन्यांनंतर पुन्हा थोडी आली, तेव्हा परत टाकलं. 'एकदा टाकलं की झालं' असं डोक्यात असेल तर ते काढून टाक.

पडदानशीन | मंगळवार, दुपारी २.३०

मी याच विषयातला डॉक्टर आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण धाग्यात येणारे प्रश्न ओपीडीत रोजचे आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वडिलांची शंका. काडी काढावी लागत नाही. ओझुर्डेक्समध्ये ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असतं आणि ते विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळलेलं असतं. लांबी साधारण ६ मिलिमीटर, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी, म्हणजे शेवईचा बारकासा तुकडा समजा. पॉलिमरचं शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. कागदावर सहा महिन्यांपर्यंत म्हणतात. प्रत्यक्षात जोर दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि बऱ्याच रुग्णांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ओसरायला लागतो. सानपाडा_लोकल यांनी लिहिलंय ते अगदी नेहमीचं चित्र आहे.

आत्याबाईंचा मुद्दा. गोळ्या किंवा शिरेतून स्टिरॉइड दिलं तर शुगर चढते हे खरं. इथे पूर्ण मात्राच एक मिलिग्रॅमपेक्षा कमी, तीही महिनोन् महिने थेंबाथेंबाने, डोळ्याच्या आत. रक्तात जेमतेम पोहोचते. शुगर चारशेवर गेलीच तर कारण स्वयंपाकघरात शोधावं.

मग स्टिरॉइड का? अवास्टिन, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही मंडळी मुख्यतः व्हीईजीएफ नावाच्या एका प्रथिनाला अडवतात. या प्रथिनामुळे रक्तवाहिन्या गळतात. पण मधुमेहातली सूज जुनी झाली की तिच्यात दाहाचा वाटा मोठा होतो, इतरही अनेक रसायनं भर घालतात. स्टिरॉइड एकाच वेळी बऱ्याच जणांना गप्प करतं आणि वाहिन्यांच्या भिंती घट्ट करतं. म्हणून इंजेक्शनांना अर्धवट दाद देणाऱ्या डोळ्यात ते सुचवलं जातं. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेला रुग्ण, व्हिट्रेक्टमी झालेला, म्हणजे आतला जेलीसारखा भाग काढलेला डोळा (त्यात साधं इंजेक्शन लवकर धुऊन जातं), दर महिन्याला येणं ज्यांना शक्यच नाही असे लोक, यांच्यात आम्ही ते लवकर सुचवतो.

मग सगळ्यांना पहिल्याच दिवशी का देत नाही? त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: डोळ्याचं प्रेशर आणि मोतीबिंदू. मधुमेहाच्या सुजेवरचा तीन वर्षांचा मीड नावाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नजर तपासायच्या तक्त्यावरची तीन ओळींएवढी किंवा त्याहून जास्त सुधारणा इम्प्लांटवाल्यांत २२ टक्क्यांना झाली, नुसती टोचल्याची नक्कल केलेल्यांत १२ टक्क्यांना. याच अभ्यासात स्वतःची नैसर्गिक लेन्स असलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांत मोतीबिंदू झाला किंवा वाढला, आणि साधारण ४० टक्क्यांना प्रेशर कमी करणारं औषध लागलं. प्रेशरसाठी ऑपरेशनची वेळ मात्र फारच थोड्यांवर आली.

तुमच्या वडिलांचा मोतीबिंदू आधीच निघालाय, म्हणजे एक किंमत चुकती झालेली आहे. पण तिथेच एक प्रश्न उभा राहतो. ऑपरेशनच्या वेळी लेन्सच्या मागची पिशवी, म्हणजे पोस्टिरियर कॅप्सूल, शाबूत राहिली होती का? ती फाटलेली असेल, किंवा लेन्स बुबुळाच्या पुढे किंवा टाके घालून बसवलेली असेल, तर काडी पुढच्या कप्प्यात घसरू शकते आणि तिथे बुबुळावरची पारदर्शक काच खराब करते. अशा डोळ्यात हे टाकत नाहीत. नंतर यॅग लेझरने पिशवीला पाडलेलं छोटं भोक वेगळं, त्याने सहसा अडत नाही. डॉक्टर स्लिट लॅम्पवर तपासतीलच, तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि दाखवा. लोक ओसीटीच्या रंगीत फायली जपून ठेवतात आणि नेमकं हे कार्ड फेकून देतात.

काचबिंदू पुढे गेलेला असेल, डोळ्यात जंतुसंसर्ग असेल किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू काचेवर असेल, तरीही नाही.

कोपरीकर_आप्पा | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

ही सुयांची भानगड हवी कशाला? नेत्रतर्पण करा. गाईचं तूप. आमच्या ओळखीत एकाचा चष्मा गेला. ॲलोपथीवाले पैसे उकळतात.

पडदानशीन | मंगळवार, रात्री ९.००

आप्पा, तूप डोळ्याच्या पृष्ठभागावर राहतं. सूज आहे मागच्या भिंतीवर, रक्तवाहिन्या गळल्यामुळे. आणि इंजेक्शन घेतल्याच्या आठवड्यात डोळ्यात तूप, मध, गुलाबपाणी काहीही घातलं तर आत जंतू जायची वाट मोकळी होते. हे मी वादासाठी लिहीत नाहीये, असा डोळा पाहिलाय.

घोडबंदरग्रस्त | मंगळवार, रात्री ९.०४

आप्पा, तूप पुरणपोळीवर.

उपवन_फेरी | बुधवार, सकाळी ६.३०

चेंदणीच्या लेकी, मी तुझ्या बाबांच्याच वयाचा, आणि ही काडी माझ्या डोळ्यात पडलेली आहे. उपवनला रोज फेरी मारणाऱ्यांत आता आमचा इंजेक्शनवाल्यांचा एक उपगट झालाय.

मला सांगायचंय ते प्रेशरबद्दल. काडी टाकल्यावर महिनाभरात मी पेपरातलं शब्दकोडं भिंगाशिवाय सोडवायला लागलो. एवढं बरं वाटायला लागलं की पुढच्या तपासणीला जायचा कंटाळा आला. मुलगी हट्टाने घेऊन गेली म्हणून गेलो. सातवा आठवडा होता आणि प्रेशर ३४! २१ पर्यंत ठीक मानतात. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, दिसणं उलट सुधारलेलं. मला पत्ताच नव्हता. दिवसातून दोनदा थेंब सुरू झाले, हळूहळू १८ वर आलं. औषधाचा जोर ओसरल्यावर थेंबही बंद झाले. पण चार महिने न जाता ३४ वर बसलो असतो तर डोळ्याच्या नसेचं जे गेलं ते परत आलं नसतं.

घरात काचबिंदू कोणाला होता का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगा. माझ्या थोरल्या भावाला होता. नाकात मारायचे स्टिरॉइडचे फवारे, दम्याचे पंप, खाजेची मलमं, सगळं सांगा. कोणाचं प्रेशर स्टिरॉइडने चढतं, कोणाचं नाही, आणि ज्याचं एकदा चढलंय त्याचं पुन्हा चढायची शक्यता जास्त.

सानपाडा_लोकल | बुधवार, सकाळी ८.१०

काकांना शंभर टक्के अनुमोदन. आईची तपासणीची तारीख मी फ्रीजवर मॅग्नेटने लावते. ट्रान्स हार्बरने ठाण्याला न्यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, त्यात बाहुली मोठी केलेली असते, परतताना उन्हात डोळे उघडवत नाहीत. काळा गॉगल आणि टोपी पिशवीत ठेवाच. एकट्याला पाठवू नका, इंडिकेटर वाचता येत नाही.

निवांत_नेरूळ | बुधवार, रात्री १०.२०

मेडिक्लेमचं मी सांगतो, बरीच वर्षं क्लेमच्याच टेबलावर होतो.

कंपनीचं पहिलं उत्तर बहुधा असं: 'हे ओपीडीतलं इंजेक्शन, २४ तास भरती नाही, क्लेम नाही.' गप्प बसू नका. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची १२ नावांची यादी काढली, त्यात डोळ्यातली इंट्राव्हिट्रियल इंजेक्शनं स्पष्ट लिहिलेली आहेत. ऑक्टोबर २०२० पासून ते नियम लागू झाले. डे-केअर म्हणूनही देता येतं. पण कंपनीला त्यावर उपमर्यादा घालायची मुभा आहे आणि तिथेच गोम आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'मॉडर्न ट्रीटमेंट' असं प्रकरण असतं, तिथला आकडा वाचा. पॉलिसी नवी असेल तर मधुमेहाचा आधीचा आजार म्हणून प्रतीक्षा काळही बघा. आता तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो.

कागद: थिएटरमध्ये केल्याची नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड, आधीचा आणि नंतरचा ओसीटी, इंजेक्शनाचं वेगळं बिल, आणि खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर. स्टिकर कार्डावर डकवून मागा. माझ्या पाहण्यातले निम्मे क्लेम त्या चिटोऱ्यावाचून अडकायचे. पॅकेजचा एकच गोळा आकडा घेऊ नका. औषधाची छापील किंमत वेगळी, थिएटर आणि डॉक्टरांची फी वेगळी, अशी फोड मागा. दोन रुग्णालयांतला फरक त्यातच दिसतो.

नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात दाद नाही लागली तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

वाचनमात्र | गुरुवार, दुपारी १.००

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: तीन वर्षं चालणारं इम्प्लांटही असतं असं भाच्याने अमेरिकेतून कळवलंय. ते का नाही टाकत?

पडदानशीन | गुरुवार, रात्री ९.४५

ते इल्युव्हियन. औषध वेगळं, फ्लुओसिनोलोन, ०.१९ मिलिग्रॅम, ३६ महिन्यांपर्यंत चालतं. त्याची नळी विरघळत नाही, डोळ्यातच राहते. तीन वर्षं औषध म्हणजे प्रेशर चढलं तर तीन वर्षं त्याच्याशी झुंज. म्हणून आधी लहान मुदतीचं स्टिरॉइड देऊन प्रेशर कसं वागतं ते बघायची पद्धत आहे. त्याही आधी, २००५ मध्ये, रेटिसर्ट नावाचं टाके घालून बसवायचं इम्प्लांट अमेरिकेत मंजूर झालं होतं. ते डोळ्याच्या आतल्या दाहासाठी, युव्हियायटिससाठी. ओझुर्डेक्स २००९ मध्ये शीर बंद झाल्यावरच्या सुजेसाठी आलं आणि मधुमेहासाठी तिथे २०१४ मध्ये मान्य झालं. भाच्याला सांगा, जास्त टिकतं म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाही.

चेंदणीची_लेक | रविवार, सकाळी ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड सापडलं! कपाटाच्या वरच्या फळीवर, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात. उजव्या डोळ्याच्या कार्डावर 'पीसी इनटॅक्ट' असं लिहिलंय, म्हणजे ती मागची पिशवी शाबूत. डॉक्टरांनी ते पाहिलं, मग स्वतःही तपासलं. प्रेशर १६, नस ठीक. काकांनी लिहिलं होतं म्हणून मी बाबांच्या दम्याच्या पंपाचं आपणहून सांगितलं, तर त्यांनी फायलीवर लाल पेनने नोंद केली. का, ते नंतर लिहिते. गुरुवारी टाकायचं ठरलंय. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ आलंय, त्यावरून मात्र बोलणी खाल्ली. पडद्याच्या डॉक्टरांनीच फिजिशियनची चिठ्ठी दिली. बीपी आणि किडनीचीही तपासणी सांगितली, नुसता डोळा सुकवून उपयोग नाही म्हणाले.

आत्याला पडदानशीन यांचं स्वयंपाकघरवालं वाक्य वाचून दाखवलं. तिने लाडवांचा डबा उचलून नेला.

पडदानशीन | रविवार, दुपारी ४.००

छान. टाकल्यानंतर पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, उजेड सहन होईना किंवा दिसणं एकदम कमी झालं, तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवा. आत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा हिशेब असतो. होतो क्वचितच. नुसता लाल डाग किंवा तरंगणारी रेघ असेल तर घाबरायचं कारण नाही. अँटिबायोटिकचे थेंब सांगितले तितके दिवस, डोळा चोळायचा नाही, काही दिवस डोक्यावरून पाणी नाही.

चेंदणीची_लेक | दीड-दोन महिन्यांनी, शनिवार, रात्री ९.१५

अपडेट द्यायचा राहिला होता. प्रक्रिया व्यवस्थित झाली. काळी रेघ दिसली, पण आधीच सांगून ठेवल्यामुळे बाबा शांत. उलट शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत होते. परवा ओसीटी झाला: ४३० वरून २९५. तक्त्यावर दोन ओळी वाढल्या. ग्रिलचा एक गज सरळ झाला, दुसरा अजून जरासा वाकडा आहे म्हणतात. जुन्या सुजेने पडद्याचं जेवढं नुकसान झालंय तेवढं राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आणि प्रेशर २७. काकांची आठवण झाली. थेंब सुरू केलेत. आता त्या लाल पेनचं: प्रेशरच्या थेंबांत टिमोलॉल हे फार वापरलं जाणारं औषध आहे, पण दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते. म्हणून बाबांना दुसरं, ब्रिन्झोलामाइडचं दिलंय. पंपाचं सांगितलं नसतं तर कोणाच्या लक्षात आलं असतं कोण जाणे. मेडिक्लेमने उपमर्यादेपर्यंतचे पैसे दिले, वरचे आमचे. स्टिकर मागितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने 'तुम्हाला कसं माहीत?' असं विचारलं, निवांत_नेरूळ यांना श्रेय.

उपवन_फेरी | रविवार, सकाळी ६.२०

शाब्बास. दर भेटीला प्रेशरचा आकडा स्वतःच्या वहीत लिहायला सांग. आणि उपवनला घेऊन ये त्यांना, उपगटात जागा आहे.

घोडबंदरचा_नवा | रविवार, दुपारी १२.४०

धागा वाचून खातं उघडलं. माझी बायको ४९ वर्षांची, मधुमेहाचीच सूज, पण मोतीबिंदू झालेला नाही. तिलाही हेच सुचवलंय. घ्यावं का?

पडदानशीन | रविवार, रात्री १०.१०

घ्यावं की नाही हे तिचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना दोन गोष्टी विचारा. इंजेक्शनांचा पुरेसा, नियमित कोर्स झालाय का, की मधे महिने चुकलेत? आणि अफ्लिबरसेप्टसारखं दुसरं औषध करून पाहिलंय का? नैसर्गिक लेन्स असलेल्या डोळ्यात वारंवार इम्प्लांट टाकलं तर पुढच्या काही वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन जवळपास धरूनच चालायचं. पन्नाशीच्या आत ते झालं की जवळचं वाचायला चष्मा लागेल, हे तिला आत्ताच माहीत असावं. तरीही सूज हटत नसेल, किंवा अलीकडे हृदयाचा त्रास होऊन गेला असेल, तर मोतीबिंदू परवडला. तो काढता येतो. सुजून सुजून मेलेला पडदा बदलता येत नाही.